एव्हर्ट डायकेमाचा माफीनामा

नकाराचं ते पत्र लिहायला एव्हर्ट डायकेमाला चार मिनिटंही लागली नव्हती. ब्रॉनी व्हीटली नावाच्या कुणा बाईनं मेल पाठवून विचारलं होतं, नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी तुमची सफरचंदांची जुनी शेड लग्नासाठी मोकळी आहे का. आम्ही दोघी आणि साठेक पाहुणे. 'दोघी' या शब्दाशी एव्हर्ट थांबला. चष्मा पुसून त्यानं पुन्हा वाचलं आणि मग एका बोटानं टंकलं: 'आम्ही ख्रिस्ती कुटुंब आहोत. लग्न एका पुरुषाचं आणि एका स्त्रीचं, असं आम्ही मानतो. त्यामुळे शेड देता येणार नाही. देव तुमचं भलं करो.' कळ दाबली आणि तो झाडांवरची उरलेली फळं उतरवायला बागेत गेला. जेवताना ही गोष्ट बायकोला सांगायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. सहाव्या वर्षी आईबापांबरोबर डच मुलुखातून बोटीनं टास्मानियाला आलेला, ह्यूऑन नदीच्या काठी बापानं लावलेली बाग त्यानं तिप्पट वाढवलेली. आपल्या माणसांनी होबार्टच्या अलीकडे विटेवर वीट रचून बांधलेल्या चर्चमध्ये तो एकही रविवार चुकला नव्हता. झाडाखाली सफरचंदांचा सडा पडला तरी रविवारी त्यानं टोपलीला हात लावला नाही. मंडळीनं त्याला पंच नेमलं त्यालाही तीस वर्षं होऊन गेली. पंचांचं काम म्हणजे वर्षातून एकदा घरोघर जाऊन बसायचं, कॉफी घ्यायची, डब्यातलं एकच बिस्कीट उचलायचं आणि विचारायचं, घरात प्रार्थना होते का, नवराबायकोचं बरं चाललंय का, मुलं देवाच्या वाटेनं आहेत का. एव्हर्टचा शब्द लोक मानत. 'माणूस सरळ आहे' असं त्याच्याबद्दल म्हणत, आणि त्यालाही ते खरं वाटत असे.

जून महिन्यात होबार्टहून जाड लिफाफा आला. भेदभावविरोधी कायद्याखाली त्याच्याविरुद्ध तक्रार दाखल झाली होती. त्याचं चार ओळींचं पत्र आत जसंच्या तसं छापलेलं होतं. तक्रारदार दोन होत्या, ब्रॉनी व्हीटली आणि यानेके व्हिसर.

हिल्केनं, त्याच्या बायकोनं, ते कागद शेगडीपाशी उभ्या उभ्या वाचले. वाटाण्याचं सूप रटरटत होतं. तिनं गॅस बारीक केला.

"ही आल्त्येची यानेके," ती म्हणाली.

"कोण आल्त्ये?"

"बेरेंडची पहिली बायको. असं म्हटलं की आठवेल तुला."

"व्हिसर आडनावाची माणसं काय कमी आहेत का? आपल्या लोकांत दर चौथं घर व्हिसरचं."

"असेल. पण तिकडे उत्तरेला, बर्नी गावातल्या शाळेत शिकवणारी यानेके व्हिसर एकच आहे. बापाचं नाव टाकून आईचं लावते. दर नाताळला तिच्या आईचं कार्ड येतं मला."

एव्हर्टनं मान वर केली. "इथे तर कधी आलेलं पाहिलं नाही."

"इथे येत नाही. माझ्या बहिणीच्या पत्त्यावर येतं." हिल्केनं कागदांची घडी घातली. "आल्त्येला बर्नीच्या बसमध्ये मीच बसवून दिलं होतं. पोरीच्या पायात आपल्या रूथचे बूट होते. तुला वाटलं बूट शाळेत हरवले."

"एकोणतीस वर्षं तू मला हे सांगितलं नाहीस?"

"नवऱ्याला सांगायचं होतं, एव्हर्ट. पण तू पंचही होतास. नवऱ्याला सांगून पंचापासून कसं लपवायचं ते मला उमगलं नाही."

 सूप पुढ्यात आलं तसं निवून गेलं.

त्या रविवारी उपासना संपल्यावर पाळक मार्टिननं सगळ्यांना सभागृहात थांबवलं. मार्टिन चाळिशीचा, उत्साही, बोलायला गोड. तो म्हणाला, सरकारचा कायदा आता आपल्या बागेच्या फाटकातून आत शिरलाय, आणि आपल्यातला एक जण त्याच्यापुढे ताठ उभा आहे. सिडनीच्या एका ख्रिस्ती संघटनेनं वकील देऊ केलाय. एव्हर्टभाऊ, जरा उभे राहता का?

एव्हर्ट उभा राहिला. टाळ्या वाजल्या. चर्चमध्ये त्याच्यासाठी आजवर कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. सगळ्यांत जोरात वाजवत होता बेरेंड कौपर्स. बेरेंड आता सत्तरीचा, पण अजून खांद्यानं रुंद. अर्ध्या मंडळीची घरं त्यानंच बांधलेली. त्याची दुसरी बायको ट्रूस शेजारी केकची ताटली धरून उभी होती. तिचे हात गुंतले होते म्हणून ती नुसती हसली.

बेरेंडनं येऊन एव्हर्टच्या पाठीवर थाप मारली. "शाबास रे. आपण नाही उभं राहायचं तर कुणी?" मग कानाशी येऊन म्हणाला, "ती कुणाची पोर आहे ते कळलं मला. आईनं वाढवल्यावर दुसरं काय होणार?"

स्वतःच्या मुलीबद्दल तो हे बोलत होता. एव्हर्टनं मान डोलावली. का डोलावली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. परतीच्या वाटेवर गाडीत हिल्के खिडकीबाहेर बघत राहिली.

वकिलानं मार्टिनच्या हाती एक प्रश्नपत्रिका पाठवली होती. सातवा प्रश्न असा होता: 'आपल्या विवाहविषयक श्रद्धेशी न जुळणाऱ्या किती लग्नांना आपण यापूर्वी शेड नाकारली? नावं व तारखा द्याव्यात.' ही बाजू पक्की झाली तर तुमची श्रद्धा खरी, आयत्या वेळी काढलेली नाही, असं सिद्ध करता येईल, असं वकिलाचं म्हणणं.

एव्हर्ट शेडची नोंदवही घेऊन बसला. सव्वीस वर्षांत एकाहत्तर लग्नं झाली होती. त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. खालच्या खेड्यातल्या जमिनीच्या दलालाचं तिसरं लग्न. अंगठ्या ज्यांच्या हाती दिल्या ती दोन पोरं नवरानवरीचीच होती, असं एक लग्न. गुरांच्या डॉक्टरनं भागीदाराची बायको पळवून तिच्याशी केलेलं, ज्याची चर्चा सगळ्या खोऱ्यात वर्षभर चालली होती, ते लग्न. त्या दिवशी गाड्या कुठे लावायच्या ते एव्हर्ट स्वतः हात करून दाखवत होता. चर्चचं तोंडही न पाहिलेली माणसं, देवावर विश्वास नाही असं भाषणात सांगणारी माणसं, सगळ्यांना त्यानं दार उघडून दिलं होतं, अभिनंदन केलं होतं, पाऊस लागला तर चिखलात फळ्या टाकल्या होत्या. एकालाही विचारलं नव्हतं. एकालाही नाही म्हटलं नव्हतं.

त्यानं मार्टिनला फोन केला. "सातव्या प्रश्नाचं उत्तर शून्य आहे."

"ते वेगळं हो, एव्हर्ट. माणूस चुकतो, पश्चात्ताप करतो, नव्यानं सुरुवात करतो."

"मी कुणाला विचारलं नाही पश्चात्ताप केलास का म्हणून. शनिवार मोकळा आहे का, एवढंच बघितलं."

 मग मार्टिन म्हणाला, "वकिलाशी बोलतो. बहुधा ती यादी आपण जोडायचीच नाही."

"म्हणजे लपवायची."

"लपवायची असं कोण म्हणालं? जोडायची नाही."

एव्हर्टनं फोन ठेवला. वही उघडीच होती. पहिल्या पानावरची पहिली नोंद त्याच्याच अक्षरात होती: ऑक्टोबर १९९३, बेरेंड कौपर्स आणि ट्रूस. शेडमधलं पहिलं लग्न ते. आल्त्ये नवऱ्याला टाकून गेली, तेव्हा बेरेंड निर्दोष, त्याला पुन्हा लग्न करायला हरकत नाही, असा ठराव पंचांनी केला होता. आल्त्येचं नाव मंडळीच्या पुस्तकातून काढलं, तेही त्याच बैठकीत. ठरावाचा मसुदा एव्हर्टनं लिहिला होता.

आणि त्याच्याही आधी, अठ्ठ्याऐंशी साली, तो त्यांच्या घरी भेटीला गेला होता.

ती भेट तो विसरला नव्हता. फक्त तिच्याकडे बघायचं त्यानं सोडून दिलं होतं. बरोबर दुसरे एक पंच होते, ते आता हयात नाहीत. आल्त्ये डाव्या हातानं कॉफी ओतत होती, कारण उजवा हात गळ्यात बांधलेला होता. शिडीवरून पडली, असं बेरेंडनं सांगितलं आणि हसला. आल्त्येही हसली. शास्त्र वाचून झालं, प्रार्थना झाली. मग बेरेंड दुसऱ्या पंचांना आपली नवी गाडी दाखवायला अंगणात घेऊन गेला, आणि कप आवरताना आल्त्ये हळूच म्हणाली, "एव्हर्ट, मी पडले नाही."

दारात सहा वर्षांची पोर उभी होती. तिच्या एकाच पायात मोजा होता.

एव्हर्टच्या बागेत त्या हंगामात नवं शीतगृह उभं राहत होतं. भिंती झाल्या होत्या, छप्पर राहिलं होतं, आणि तोडणी सहा आठवड्यांवर आली होती. बांधणारा बेरेंड होता. एव्हर्ट त्या वेळी शीतगृहाचा विचार करत होता असं नाही. पण करत नव्हता असंही छातीवर हात ठेवून त्याला सांगता आलं नसतं. तो म्हणाला, "आल्त्ये, लग्न म्हणजे देवासमोर दिलेलं वचन. त्याचा स्वभाव तापट आहे, तू त्याला डिवचू नकोस. प्रार्थना कर. मीही करीन." मग त्यानं टोपी उचलली. पंचांच्या वहीत त्या घरापुढे लिहिलं, 'सर्व ठीक.'

त्यानं प्रार्थनाही केली नव्हती. ते आता, एकतीस वर्षांनी, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून त्याला आठवलं. त्या रात्री घरी आल्यावर छपराच्या पत्र्यांची मापं काढता काढता ते राहूनच गेलं होतं.

ऑगस्टमध्ये समेटाची बैठक ठरली. वकील नको, असं एव्हर्टनं कळवलं. मार्टिन नाराज झाला. म्हणाला, प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. एव्हर्ट म्हणाला, "माहीत आहे, म्हणून तर मला तो तुमच्या हाती द्यायचा नाही."

होबार्टच्या त्या कार्यालयातल्या खोलीत एक लांब टेबल होतं, पाण्याचा जग होता, कागदी रुमालांचं खोकं होतं. मध्ये बसलेली अधिकारी बाई शांतपणे बोलणारी होती. समोर यानेके, तिच्या शेजारी ब्रॉनी, आणि सोबतीला म्हणून आलेली आल्त्ये. तिचे केस आता आखूड आणि पांढरे झाले होते. तिनं पाण्याचा पेला डाव्या हातानं उचलला. उजवं कोपर पुरतं सरळ होत नव्हतं.

अधिकारी बाईनं यानेकेला विचारलं, हीच शेड का?

"आई तिथे पॅकिंगला जायची," यानेके म्हणाली. "मला बरोबर न्यायची. मी खोक्यात भुशावर झोपायचे. वर बायका बोलत असायच्या, हसत असायच्या. लहानपणची तेवढी एकच जागा मला आठवते, जिथे मी घाबरले नाही. म्हणून ब्रॉनीला म्हटलं, तिथेच करू. नाव सांगितलं नाही, कारण ओळखीनं नको होतं. कुणालाही देतात तशी हवी होती."

"मला माहीत नव्हतं तू आहेस म्हणून," एव्हर्ट म्हणाला.

"माहीत असतं तर दिली असती?"

खोटं बोलायची संधी समोर होती आणि सोपी होती. "नाही," तो म्हणाला. "बहुतेक नसती दिली."

"मग माहीत नव्हतं हे कशाला सांगता?"

अधिकारी बाई काहीतरी बोलणार होती, पण आल्त्येनं टेबलावर हात ठेवला.

"एव्हर्ट, माझ्या स्वयंपाकघरात तू मला काय म्हणालास ते आठवतं तुला?"

"आठवतं."

"मला वाटलं होतं विसरला असशील. विसरला असतास तर बरं झालं असतं. विसरलास असं धरूनच मी तुला अर्धी माफी दिली होती." ती सावकाश बोलत होती, आवाज न चढवता. "मी ऐकलं तुझं. डिवचलं नाही त्याला. अजून दोन वर्षं राहिले. त्या दोन वर्षांत हा हात दुसऱ्यांदा मोडला. मग तुम्ही त्याचं दुसरं लग्न लावून दिलंत, तुझ्याच शेडमध्ये. मला हिल्केनं कळवलं. मी मनात म्हटलं, माझं होतं तेही पवित्र, आणि त्याचं दुसरं तेही पवित्र. आणि आता माझ्या पोरीचं तेवढं नाही होय? पवित्र म्हणजे काय, ते तुम्ही लोक ठरवता तरी कसं रे? चिठ्ठ्या टाकता का?"

एव्हर्टची मान खाली गेली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेल्या माणसाच्या डोळ्यातलं मुसळ अख्ख्या खोलीनं पाहिलं होतं. तो म्हणाला, "मी चुकलो." शब्द इतका लहान निघाला की अधिकारी बाईला तो पुन्हा सांगा म्हणावं लागलं. त्यानं पुन्हा सांगितला.

कायद्याचा विषय फक्त शेड नाकारल्याचा आहे, हे अधिकारी बाईनं हळुवारपणे समजावलं. जुन्या गोष्टी इथे चौकशीला घेता येत नाहीत. पण उभयपक्षी मान्य होईल ते समेटात लिहिता येतं. यापुढे शेड कुणालाही अशा कारणानं नाकारणार नाही, असं एव्हर्टनं लिहून दिलं. नुकसानभरपाईचं विचारलं, तेव्हा यानेकेनं मान हलवली.

"मला पैसे नकोत. शेडही नको आता. माफीनामा हवाय, पण मला नाही, आईला. आणि इथे बंद खोलीत नको. जिथे तिचं नाव पुस्तकातून खोडलं, तिथे वाचायचा."

एव्हर्टनं सही केली. 

मार्टिननं व्यासपीठ द्यायला नकार दिला. "देवाच्या वचनाची ती जागा आहे," तो म्हणाला. "आणि बेरेंड तिथे बसलेला असणार. त्याचा विचार केलात?"

"एकतीस वर्षं त्याचाच करत आलो," एव्हर्ट म्हणाला.

म्हणून त्यानं तो उपासनेनंतर, कॉफीच्या वेळी वाचला. त्याच सभागृहात, जिथे टाळ्या वाजल्या होत्या. त्यानं चमचा कपावर दोनदा वाजवला. लोकांना वाटलं, खटल्याची काही चांगली बातमी असेल. ते हसत हसत वळले.

कागदावर अकरा ओळी होत्या. आल्त्ये व्हिसरनं मला सांगितलं होतं की तिचा नवरा तिला मारतो. मी पंच म्हणून गेलो होतो. मी तिला घरी राहायला आणि गप्प बसायला सांगितलं. वहीत सर्व ठीक असं खोटं लिहिलं. नंतर तिनं घर सोडलं तेव्हा तिला दोषी ठरवणारा ठराव मी लिहिला. तिचं नाव मंडळीतून काढलं गेलं, त्याला मी कारण आहे. लग्नाचं पावित्र्य मी तिला शिकवलं आणि ज्यानं ते मोडलं त्याच्यासाठी मी माझी शेड झाडून दिली. नंतर तिच्या मुलीला तीच शेड पावित्र्याच्या नावाखाली नाकारली. याची मला लाज वाटते. मी आल्त्येची माफी मागतो. तिनं ती द्यावीच असं नाही.

वाचताना दोनदा त्याची ओळ चुकली. कुणी मदतीला आलं नाही. हिल्के तेवढी त्याच्या डाव्या अंगाला, हात लांब करून पोचेल इतक्या अंतरावर उभी होती. पण तिनं हात लांब केला नाही.

"म्हातारपणी डोकं फिरलं याचं," बेरेंड मोठ्यानं म्हणाला. "तीस वर्षांपूर्वीची मढी उकरतोय." एक दोघं हसली. एका बाईनं मुलांना बाहेर नेलं. जो तो कपात बघू लागला. कुणीतरी म्हणालं, कॉफी निवतेय, आणि बोलणं हळूहळू पुन्हा सुरू झालं, पावसाचं, गुरांचं, शाळेचं. एव्हर्ट मध्येच उभा होता आणि लोक त्याला वळसा घालून बिस्किटांच्या टेबलाकडे जात होते.

गाड्यांपाशी ट्रूस त्याच्या मागे आली. अंगावर कोट नव्हता, घाईनं आली होती.

"एव्हर्ट, हे तुला माझ्या लग्नाच्या आधी माहीत होतं?"

"होतं."

"पाच वर्षं आधी."

"हो."

"आणि तू भाषण केलंस. मला म्हणालास, पोरी, तुला भक्कम छपराचं घर मिळतंय."

हे तो खरोखरच विसरला होता. आता आठवलं, आणि त्या वेळी सगळे त्यावर हसले होते हेही आठवलं. ट्रूस तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती, आयुष्यात पहिल्यांदाच नवरी झालेली, आणि हसणाऱ्यांत तीच सगळ्यांत खूश होती.

"तुला कुणीतरी विचारायला हवं होतं," तो कसाबसा म्हणाला. "इतक्या वर्षांत मी तुमच्या घरी भेटीला..."

"सहा वेळा आलास. दर वेळी एक बिस्कीट खाल्लंस." पलीकडून बेरेंडनं हॉर्न दाबला. "मी एकोणसत्तर वर्षांची आहे, एव्हर्ट. हे आता कळून काय करू मी?" एवढं म्हणून ती गेली आणि गाडीत बसली.

तीन आठवडे तो बागेत छाटणी करत राहिला. फांद्या नको तितक्या कापल्या जात आहेत असं हिल्केनं दोनदा बजावलं. मग एका दुपारी फोन वाजला. हिल्केनं घेतला, फक्त 'हो' आणि 'निघते' एवढंच म्हणाली, आणि गाडीची किल्ली उचलली. तोही उठला.

"तू नको," हिल्के म्हणाली. "तुला बघून ती घाबरेल असं नाही. पण तुला बघून तिला बरंही वाटणार नाही. पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर चादरी घाल."

त्यानं चादरी घातल्या. उशीला अभ्रा उलटा घातला, तो काढून पुन्हा सुलटा घातला. दीड तासानं दोघी आल्या. ट्रूसच्या हातात एक पिशवी होती आणि ओठ फुटलेला होता. त्याच्याकडे न बघता ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेरेंड आला. एव्हर्ट फाटकाशी जाऊन उभा राहिला.

"ट्रूसला बोलाव."

"नाही बोलावणार."

"बायको आहे ती माझी."

"असेल. पण तिला यायचं नाही. जा तू, बेरेंड. नाहीतर पोलिसांना बोलावतो."

बेरेंडनं शिव्या दिल्या. पंच म्हणवतोस, असं म्हणाला. नवराबायकोत पडणारा तू कोण, असं म्हणाला. मग गाडी वळवून निघून गेला. सगळं मिळून दोन मिनिटं झाली असतील.

एव्हर्ट तिथेच, शेडच्या भिंतीशी ठेवलेल्या एका पालथ्या खोक्यावर बसला.  इतकं सोपं होतं हे. एक फाटक, दोन मिनिटं आणि 'जा' हा एक शब्द. त्या दिवशी आल्त्येच्या अंगणात बेरेंड नवी गाडी दाखवत होता तेव्हाही त्याच्याकडे दोन मिनिटं होती, आवाज होता, आणि अंगात आजच्यापेक्षा ताकद होती. आजवर तो स्वतःला समजावत आला होता की ते प्रकरण अवघड होतं, दोन्ही बाजू होत्या, शास्त्र होतं, मंडळीची शांती होती. त्यातलं काहीच अवघड नव्हतं. त्यानं तोंड हातांत धरलं आणि रडला. हिल्केनं खिडकीतून पाहिलं आणि पडदा सारला.

पंचपद गेलं. त्यानं राजीनामा द्यायच्या आधीच तसं पत्र आलं. रविवारी तो अजून जातो, मागच्या बाकावर बसतो. काही जण बोलतात, काही जण नाही. बेरेंड पुढे बसतो. मार्टिन हवामानाचं विचारतो. लग्नाबद्दल आता तुमचं काय मत आहे, असं त्यानं एकदा एकट्यात गाठून विचारलं. एव्हर्ट म्हणाला, "माझं मत बरंचसं तेच आहे, मार्टिन. त्या दोघींचं लग्न मला अजून समजत नाही. पण मत सांगायचं तर कुठल्या तोंडानं सांगू? मी ज्या लग्नांना आशीर्वाद दिले त्यांतलं एक माझ्या पाहुण्यांच्या खोलीत झोपतंय, दाराला आतून कडी लावून."

यानेके आणि ब्रॉनीचं लग्न नोव्हेंबरमध्येच झालं, बर्नीला, समुद्राकाठच्या एका नौका क्लबात. आमंत्रण हिल्केला होतं, आणि तिच्या सांगण्यावरून ट्रूसलाही. एव्हर्टचं नाव त्यात नव्हतं. पण साडेचार तासांची वाट, आणि हिल्के आता एवढं लांब गाडी चालवत नाही, म्हणून त्यानंच दोघींना नेलं. क्लबाच्या फाटकाशी उतरवलं आणि गाडी पलीकडे, मासेमारीच्या धक्क्याजवळ लावून आत बसून राहिला. काचा खाली होत्या. टाळ्या ऐकू आल्या, मग वाद्यं, मग बराच वेळ नुसतं हसणं.

तासाभरानं आल्त्ये रस्ता ओलांडून आली. निळा झगा, पायात साध्या चपला. हातात ताटली, तिच्यावर भाजलेलं मटण, बटाटे आणि केकचा तुकडा.

"आत बोलावत नाहीये तुला," ती म्हणाली. "यानेकेला नको आहे, आणि खरं तर मलाही नको आहे. पण उपाशी बसू नकोस."

त्यानं ताटली घेतली. ती तिथेच उभी राहिली.

"खा. ताटली परत न्यायची आहे. भाड्यानं आणलीय, मोजून घेतात."

मग तो मांडीवर ताटली ठेवून खाऊ लागला. भूक नव्हती, तरी तिच्या देखत टाकायचा धीर होईना. वारा सुटला होता. आल्त्येनं उजवं कोपर डाव्या तळव्यात धरलं.

"दुखतं का अजून?" त्यानं विचारलं.

"थंडीत," ती म्हणाली, आणि त्याचं खाऊन होईपर्यंत पाण्याकडे बघत उभी राहिली.